ठाण्याचे वासरू, कल्याणचा हात

ठाण्याहून निघालो तेव्हा माझ्यासोबत एक वासरू होते, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने आधी त्याची विचारपूस केली, मग माझी. मी पुण्याचा. आमच्या धर्मार्थ दवाखान्यांची मुख्य कचेरी विलायतेला. शाखा पुण्यात, ठाण्यात, कल्याणात आणि आणखी कुठे कुठे, ते मुख्य कचेरीलाही नीट ठाऊक नसावे. माझे काम देवी टोचण्याचे. या खेपेला ठाण्याची युक्ती कल्याणला पोचवायची होती.

ठाण्याचे तात्यासाहेब वासराच्या पोटावर गाईच्या सौम्य देवीचे फोड उठवीत आणि त्यातली लस खरवडून मुलांना टोचीत. कल्याणचे अण्णासाहेब जुन्या रीतीचे. टोचलेल्या एका मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातला थेंब सुईवर घेऊन ते दुसऱ्या मुलाला टोचीत. दोन्ही दवाखाने एकाच आगगाडीच्या वाटेवर, पण त्यांचे बोलणे नव्हते. तात्यासाहेबांना काही नवे साधले की ते विलायतेला लिहीत. तिथे ते छापून निघे, पुस्तक गलबतात बसून परत येई, आणि मग अण्णासाहेबांना कळे की ठाण्यात काय चालले आहे. तोवर त्या वासराची गाय होऊन ती दोनदा व्यालेली असे.

एरवी हे हसण्यावारी नेले असते. पण डोंबिवलीजवळ कोपर नावाच्या खाडीकाठच्या गावात देवीची साथ आली होती. गाव कल्याणच्या ताब्यातले, आणि कल्याणची लस उन्हाने मेलेली. पुस्तकाची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. मी ठरवले, वासरूच उचलून न्यायचे.

टेंभी नाक्यावरच्या ठाण्याच्या दवाखान्यात तात्यासाहेबांनी मला चहा पाजला आणि सरळ नकार दिला.

"अण्णाला हवं असेल तर त्याने इथे यावं. मी काय त्याच्या दारी वासरू घेऊन फिरू?"

"तेच म्हणत होते अण्णासाहेब," मी बशीत बघत म्हणालो, "की तुमचं वासरू खाडी ओलांडेपर्यंत टिकायचंच नाही."

अण्णासाहेबांना मी तोवर जन्मात पाहिले नव्हते. पण वासरू झटक्यात बाहेर आले, गळ्यात नवा दोर घालून.

स्टेशनमास्तरांनी त्याच्या पोटावरचे फोड पाहिले मात्र, ते चार हात मागे सरकले. "हे जनावर आहे की रोगी? जनावर असेल तर मालडबा. रोगी असेल तर माझ्या गाडीत नाही."

"दोन्ही आहे."

"मग दोनदा नाही."

तेव्हा चेंदणी बंदरावरून मचव्याने (लहान शिडाच्या होडीने) निघालो. भरती लागलेली होती. दोन्ही काठांना तिवरांच्या झाडांची हिरवी भिंत, तिच्यामागे मिठागरांचे चौकोन, आणि त्यांत मिठाच्या अशा पांढऱ्या राशी की उन्हात डोळे उघडे ठेवणारा माणूस मी तरी पाहिला नाही. डास एवढे मोठे, की त्यातल्या एकाला तांडेलाने (होडीच्या म्होरक्याने) वल्हे मारायला बसवले असते तर आम्ही लवकर पोचलो असतो. मुंब्र्याचा डोंगर उजवीकडे बराच वेळ आमच्याबरोबर चालत राहिला. वासरू मात्र राजासारखे मधोमध उभे. माझी शिदोरी त्याने खाल्ली; केळीच्या पानासकट.

कल्याणच्या बंदरावर अण्णासाहेब भेटले. उंच, वाळलेले, हात मात्र सोनारासारखे स्थिर. वासराकडे पाहून ते हसले.

"तात्याला सांगा, माणसाची लस माणसाच्याच हातून. आम्ही गोठे ठेवत नाही."

"सांगतो. ते म्हणतच होते, अण्णाचा हात आता कापतो, म्हणून नव्या रीतीला भितो."

ओहोटी लागताच आम्ही तिघे कोपरच्या वाटेला लागलो. अण्णासाहेब होडीच्या एका टोकाला, वासरू दुसऱ्या टोकाला, आणि दोघेही एकमेकांकडे पाठ करून.

कोपरला पहिल्याच घराच्या दारावर कडुलिंबाचे डहाळे टांगलेले. आत देवी आली आहे, याची ती खूण. दारात चांगुणा नावाची बाई कडेवर तान्हे मूल घेऊन उभी होती. आत तिच्या जावेचा मुलगा फोडांनी भरून पडला होता. घर एकच आणि चूल एकच. तान्ह्याला अजून टोचलेले नव्हते.

"टोचायचं नाय, दादा," ती म्हणाली. "आई घरान आयली हाय. सुया टोचून तिला राग आनू नका. जेवा न् जा."

तिचा चेहरा पाहून मी वाद घातला नाही. जेवायला बसलो. घरात देवी म्हणून फोडणी बंद, मासळी बंद. तांदळाची भाकरी आणि ताक, एवढेच. मी भाकऱ्या किती खाल्ल्या ते पुण्यात कोणाला पटणार नाही, म्हणून सांगत नाही. शेजारी अण्णासाहेब वासराची रीत कशी चुकीची ते मला समजावीत होते. मी त्यांची कशी चुकीची ते त्यांना समजावीत होतो. आणि वासरू एकटेच शेवग्याला बांधलेले.

बाहेर गलका झाला. धावलो. गल्लीतल्या साऱ्या बाया वासराभोवती जमलेल्या. त्याच्या पोटावरचे फोड त्यांनी पाहिले होते, आणि फोड दिसले की काय करायचे ते त्यांना पक्के माहीत होते. कडुलिंबाच्या पाण्याने पोट धुऊन त्यांनी वर हळदीचा जाड लेप दिला होता. कपाळी कुंकू, पुढ्यात खणानारळाची ओटी. ओटीतले तांदूळ वासरू खात होते.

"मुक्या जीवाच्या अंगावर आई आयली," एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "न् तुमी त्याला उन्हान बांधलाव?"

सगळी लस गेली. अण्णासाहेब म्हणाले, "घ्या. तुमचं ठाणं पिवळं झालं."

आतून जावेचा मुलगा कण्हत होता आणि दारात चांगुणा तान्ह्याचे तोंड पदराने झाकत होती.

मी खाली वाकून वासराचा मागचा पाय उचलला. अशी लाथ बसली की मुंब्र्याचा डोंगर मला फार जवळून दिसला. पण पडलो तो बरोबर जागी पडलो. मांडीच्या घडीत दोन फोड कोरडे, स्वच्छ राहिले होते. वासरू लाथ मारते म्हणून बायांचा हात तिथवर गेलाच नव्हता.

"एवढ्यानं काय होतंय?" अण्णासाहेब म्हणाले. खरवडून काढायच्या ठाण्याच्या रीतीला ते पुरले नसतेच.

"तुमच्या सुईला थेंब पुरतो ना?"

"तात्याच्या वासराला मी हात लावू?"

"वासरू तात्यांचं आहे. पोर कुणाचं आहे ते बघा."

अण्णासाहेबांनी बाह्या सरसावल्या. मग पांढऱ्या धोतरासकट शेणात गुडघे टेकले. मी मागचे पाय धरले. त्यांचा हात कापला नाही. सुईच्या टोकावर दवासारखा थेंब आला आणि आम्ही दोघांनी चांगुणेकडे पाहिले.

ती वासराकडे बघत होती. "ह्या आईची ओटी मीच भरली," ती हळू म्हणाली. "आता ती आमची पाव्हनी. तिच्या मनान माजे पोराचे हातावर यायचं असंल, तर येऊ दे." तिने तान्ह्याचा दंड उघडा केला. "पन हलू हां, काका."

आठवडा उलटल्यावर आम्ही कल्याणहून परत कोपरला गेलो. तान्ह्याच्या दंडावर टपोरा, निरोगी फोड आला होता आणि टोचल्यावर चढलेला ताप उतरला होता. जावेचा मुलगाही वाचला. चेहऱ्यावर वण राहिले, डोळे शाबूत. यात माझी एकही थाप नाही. चांगुणा ओसरीवर मांडी घालून बसली, आणि तिच्या बाळाच्या हातावरून अण्णासाहेबांनी गावची मुले टोचली. पूर्वी आया आपल्या मुलाचा फोड दुसऱ्यासाठी देत नसत. आता पाहुणी या घरून त्या घरी जात होती, आणि जिच्या घरी ती जाई ती बाई आधी ओटी घेऊन येई.

परतीला अण्णासाहेब टेंभी नाक्यापर्यंत आले. वासराचा दोर त्यांच्याच हातात.

"काय रे तात्या, माझा हात कापतो म्हणालास?"

"मी? तूच म्हणालास ना, वासरू टिकायचं नाही?"

दोघे माझ्याकडे वळले. मी वासराचे कान तपासत होतो. फार चांगले कान होते.

मग तात्यासाहेबांनी खुर्ची ओढली. "बरं, ती सुई कशी धरतोस ते दाखव." दिवे लागले तरी ते दोघे उठले नव्हते.

मी पुण्याला निघालो त्या दिवशी ठाण्याचे दुसरे वासरू कल्याणला निघाले होते. तात्यासाहेबांच्या सौभाग्यवती त्याला हळदकुंकू लावीत होत्या आणि तात्यासाहेब मागे उभे राहून बजावीत होते, "कपाळाला हो, कपाळाला! पोटाला नाही!"

आता आमच्या पुण्याच्या दवाखान्यातही गोठा झाला आहे, आणि वासरू बाहेर काढताना आम्हीही त्याच्या कपाळाला हळद लावतो. विलायतेला हे अजून कळायचे आहे. पुस्तक छापून येईल, तेव्हा वाचू.