माय विहिरीचं बोलली होती

मायचं गाणं संपलं तसा रेडिओवाल्या माणसानं खिशातून रुमाल काढला आणि माईक पुसला. नीट, सगळीकडून. मग तो रामपायलीहून आलेल्या भजनीबुवांपुढं धरला.

माय पायरीखाली उभी होती. मी तिच्या लुगड्याला धरून. बाकी सगळे वर, ठेकेदाराच्या ओसरीत, खुर्च्यांवर.

मी दहा वर्षांची असेन. तिरोडीजवळच्या एका लहान मँगनीजच्या खाणीवर माय दगड वेचायची. बाप त्याच खाणीत दरड कोसळून गेला होता. आमच्या मोहल्ल्यानं बुद्धाचा धम्म घेऊन तीन-चार वर्षं झाली होती. घरातले देव आम्ही नदीत सोडले होते. ओसरीवरच्यांनी मात्र काहीच सोडलं नव्हतं.

रेडिओवाले शहरातून गाडी घेऊन आले होते. त्यांना कलावंतांच्या, लेखकांच्या आणि सामान्य माणसांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. लेखक म्हणून कविता करणारे एक हेडमास्तर होते. कलावंत म्हणून भजनीबुवा. आणि सामान्य माणूस म्हणून ठेकेदारानं मायला बोलावलं. माय गाणी रचते, हे सगळ्या खाणीला ठाऊक होतं.

“काय बाई, सुखी आहात ना इथं?” त्या माणसानं विचारलं.

माय म्हणाली, “पान्याचा तरास हाये, सायेब. खाणीच्या विहिरीवर आमाले चढू देत नाही. आमी घागर घेऊन खाली उभ्या राह्यतो. कोनी वतलं तं पानी, नाही तं नाही. थे सांगा तुमच्या रेडिओत.”

ओसरीवर कुणीतरी खाकरलं.

“ते राहू द्या. एखादं गाणं म्हणा.”

माय गायली. तिचंच गाणं.

काया दगड येचते, काये झाले माहे हात
दरडीनं नेला धनी, कोनासंगं खाऊ भात

अजून चार ओळी होत्या. गाणं संपलं आणि मग तो रुमाल निघाला.

घरी येताना मी म्हटलं, “माय, त्यानं माईक पुसला.”

“हौ. पाह्यलं मीनं.” थोडं चालून म्हणाली, “पुसू दे. बोलनं तं गेलं ना आत.”

तेवढ्याच भरवशावर ती महिनाभर जगली. भेटेल त्या बाईला सांगायची, विहिरीचं रेडिओत येणार आहे.

कार्यक्रम लागणार होता त्या रविवारी दुपारी आख्खा मोहल्ला स्टेशनाजवळच्या चहाच्या दुकानापुढं जाऊन बसला. तिथं रेडिओ होता. मायनं दीक्षेचं पांढरं लुगडं नेसलं होतं. हेडमास्तरांचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं, कविता झाल्या. भजनीबुवांचं नाव घेतलं, त्यांच्या गुरूंचंही घेतलं. मग तोच आवाज म्हणाला, “आता ऐका, खाणीतल्या एका अडाणी बाईचं भाबडं गाणं.”

एक ओळ वाजली. काया दगड येचते, काये झाले माहे हात. बस्स. बाप कापला. विहीर कापली. वर तो म्हणाला, “अशी ही कष्टाळू माणसं. थोडक्यात समाधानी.”

माय उठून रेडिओजवळ गेली. दुकानदाराला म्हणाली, “मी तं विहिरीचं बोलली होती. थे कुठं गेलं?”

दुकानदार हसला. “अरे बाई, रेडियो में कुआँ कहाँ से आएगा?”

सगळे हसले. आमच्यातलेही दोघं-तिघं हसले. माय परत येऊन बसली नाही, तशीच घरी गेली.

त्यानंतर ती गायली नाही. दगड वेचताना नाही, लग्नात नाही, जयंतीला नाही. बायांनी लई आग्रह केला. ती म्हणायची, “माहं गानं थे घेऊन गेले.” सहा वर्षांनी छातीत धूळ भरून ती गेली. तेव्हा मी बालाघाटला मॅट्रिकला होते.

पुढं मी मास्तरीण झाले. बिरसा गावच्या शाळेत नोकरी लागली. एक दिवस त्याच रेडिओ केंद्राचं पत्र आलं. मागासवर्गातल्या शिकलेल्या स्त्रीची मुलाखत हवी होती. मी गेले. मुलाखतीसाठी नाही गेले. मायचा आवाज ऐकायला गेले.

समोर तोच माणूस. केस पिकलेले, आता साहेब झालेला. मला ओळखायचं कारणच नव्हतं. बसा म्हणाला, खुर्ची दिली. कपाट उघडून अभिमानानं जुन्या टेपा दाखवल्या. प्रत्येक खोक्यावर नाव. हेडमास्तरांचं होतं. भजनीबुवांचंही.

मी मायचं विचारलं.

त्यानं रजिस्टर काढलं, बोट फिरवलं. तिथं नाव नव्हतं. ‘खाण-मजूर बाई’ एवढंच. पुढं रेघ.

“अहो, टेपा मोजक्याच असतात. सामान्य माणसांच्या मुलाखती आम्ही ठेवत नाही. त्याच टेपेवर दुसरं ध्वनिमुद्रण करतो.”

“तिच्यावर काय केलं?”

त्यानं पुन्हा बघितलं. “खतांविषयी माहिती.”

मला रडू आलं नाही. त्यानं माझ्यापुढं टाइप केलेला कागद सरकवला. मी काय बोलायचं ते त्यावर लिहिलं होतं. आमच्या भागात आता भेदभाव उरलेला नाही, हे तिसऱ्याच ओळीत होतं.

मी म्हटलं, “माझ्या शाळेत आमच्या पोरींना आजही ओंजळीत वरून पाणी ओततात. मी ते बोलणार.”

“तेवढं सोडून बोला.”

“मग मले नाही बोलायचं.”

“अशी संधी पुन्हा मिळत नाही, बाई.”

“माह्या मायले भेटलेली संधी मी पाह्यली हाये. तिचं नाव ठमाबाई होतं. लिहा तिथं.”

त्यानं पेन उचललं नाही. मी रजिस्टर माझ्याकडं वळवलं आणि माझ्या पेनानं लिहिलं. ठमाबाई. तो ओरडला, शिपायाला हाक मारली. शिपाई यायच्या आत मी नाव पूर्ण केलं होतं.

पण नाव लिहून आवाज येत नाही. मायचा चेहरा मला दिसतो. हात दिसतात. आवाज आठवत नाही. शेवटच्या चार ओळीही गेल्या. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना विचारून पाहिलं, कुणालाच येत नाहीत. ते आता कधीच मिळायचं नाही, हे मी स्वतःला समजावून सांगितलं आहे.

दर सुट्टीत मी तिरोडीकडच्या खाणींवर जाते. बायांजवळ बसते, वही उघडते. आधी पूर्ण नाव, मग गाणं, मग बोलणं. विहिरीचं, ठेकेदाराचं, मेलेल्या नवऱ्याचं. त्या म्हणतात, “हे कायले लिवतं, मास्तरीनबाई? हे कोन छापन?”

मी म्हणते, कुणी छापो न छापो. बोल.

एक शब्द कापत नाही. कुणाला कापूही देणार नाही.