मिरचीवाल्यांचा बाक

नंदुरबारला मिरचीचा हंगाम सुरू झाला की माझ्या दवाखान्यात दोन बाक लागत. एक आत, एक बाहेर ओसरीवर. पथारीवर, म्हणजे गावाबाहेरच्या वाळवणीच्या मैदानावर, मिरची वाळवणारी, देठं खुडणारी, पोती उचलणारी माणसं बाहेरच्या बाकावर बसत. त्यांच्या कपड्यांतली भुकटी आत आली की सगळे खोकत सुटत, म्हणून ही सोय. कंपाउंडर त्यांना आत येऊ न देता दारातच ओरडायचा, "मिरचीवाले भायेर! मजार उनात ते डाक्टरच आजारी पडी जाई!" ती माणसंही हसायची.

साठ साल उजाडायचं होतं. मी तिशीच्या आत होतो आणि मला वाटे, मला आजार लांबून ओळखता येतो. बाहेरच्या बाकावर आजार दोनच, खोकला आणि पोटातली आग. त्यासाठी दोन मोठ्या बाटल्या भरून ठेवलेल्या असत. मी उंबऱ्यावरून विचारायचो, कंपाउंडर काचेच्या पेल्यात औषध ओतायचा, माणूस तिथंच पिऊन कामावर जायचा. त्यांचा केसपेपर आम्ही करत नसू.

एका दुपारी एक हमाल आला. चाळिशीचा, दणकट.

"सकायपाईन ओकी ऱ्हायनू साहेब. पोटमा पीळ पडस."

"काल काय खाल्लंस?"

"कळणानी भाकर नि ठेचा."

"मग पोट काय आरती ओवाळेल तुझी?" मी म्हणालो. बाकावरचे हसले. तोही कसाबसा हसला. पांढरं औषध प्यायला आणि गेला.

एक गोष्ट मी तेव्हाही पाहिली होती. त्याचा हात पोटावर नव्हता. पोटाच्या खाली, उजव्या जांघेशी, धोतरावरून दाबून धरलेला होता. चार बायका शेजारी बसलेल्या, त्यांच्यासमोर तो याहून जास्त काय सांगणार? त्याला आत नेऊन निजवायला दोन मिनिटं लागली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला हातगाडीवरून आणलं. पोट फुगलेलं, जीभ कोरडी. आता धोतर सोडलं. जांघेत लिंबाएवढी गाठ, दगडासारखी, हात लावू देईना. अंतर्गळ, म्हणजे हर्निया, अडकला होता. आतल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटून दिवस उलटला होता. शस्त्रक्रियेसाठी सुरतेला न्यायला हवं होतं, आणि आगगाडी संध्याकाळी होती.

त्याची बायको हातगाडीला धरून उभी होती. तीही पथारीवरच काम करायची, पण दुसऱ्या टोकाला. आदल्या दिवशी नवरा माझ्याकडे येऊन गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं.

"रातभर शेक दिधा मी," ती म्हणाली. "वाटनं, उतरी जाई."

आणि मी म्हणालो, "शेकत बसलात, तिथंच उशीर झाला."

हमाल माझ्याकडे बघत होता. शुद्धीवर होता. कंपाउंडर पेले विसळत राहिला.

सुरतेला शस्त्रक्रिया झाली. आतडं काळं पडलं होतं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्यानंतर मी बाहेरचा बाक आत घेतला. दाराशी पाण्याची बादली, हाताला चोळायला खोबरेल आणि भुकटीचे कपडे बदलायला दोन धुतलेली लुगडी, दोन धोतरं ठेवली. ओकणारा माणूस निजवून तपासल्याशिवाय परत पाठवायचा नाही, असं ठरवलं. प्रत्येकाचा केसपेपर करू लागलो आणि त्यावर दोन ओळी लिहू लागलो. पहिलीत मला काय वाटतं ते. दुसरीत, ते नसेल तर काय असू शकेल. दुसरी ओळ लिहिली नाही तर कंपाउंडर औषध देत नसे. "साहेब, खालनी ओळ कोरी शे," असं भर दवाखान्यात म्हणायचा. मला राग यायचा आणि मी लिहायचो. त्या ओळीमुळे पुढं काही माणसं वेळेवर सुरतेच्या गाडीत बसली.

लोक मला काळजीचा डॉक्टर म्हणू लागले. पण पथारीवर एक गोष्ट रूढ झाली होती. उशीर करू नका, नाहीतर त्या हमालाच्या बायकोसारखं होईल. ते माझ्याच वाक्यातून निघालं होतं. मी ते आठ वर्षं चालू दिलं.

आठ वर्षांनी तीच बाई आपल्या नणंदेला घेऊन आली. नणंद नुकतीच ओकू लागली होती. ही धापा टाकत होती, वाटेत टांग्याचीही वाट पाहिली नव्हती.

"घंटाबी व्हयना नही साहेब. उशीर करा नही मी."

मी खुर्चीतून उठलो. म्हणालो, "बाई, उशीर तुम्ही केला नव्हता. तुमचा नवरा आदल्या दिवशी माझ्याकडे आला होता. मी त्याला हात न लावता औषध पाजून पाठवलं."

कंपाउंडरनं मान खाली घातली. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"त्यास्नी सांगं नही का तुमले, कोठे दुखस ते?"

"हात ठेवून दाखवलं होतं. मी पाहिलं, पण विचारलं नाही."

"नि मन्हा शेक?"

"त्यानं काही बिघडलं नव्हतं. तोवर बिघडायचं ते माझ्याकडे बिघडलं होतं."

ती हळू म्हणाली, "तवपाईन मी कोनलेच शेक दिधा नही. नातूनं पोट दुखं, तरी नही."

मी क्षमा मागितली, तीसुद्धा जेमतेम ऐकू येईल एवढ्याच आवाजात. तिनं ती घेतली की नाही, मला आजही सांगता येणार नाही. तिनं नणंदेचा हात धरून तिला आत आणलं, स्वतःच्या हातानं पलंगावर निजवलं आणि तिच्या उशाशी उभी राहिली.

"आते हिले तपासा," ती म्हणाली. "मी आठेच उभी शे."

मी हात धुतले आणि जांघेपासून सुरुवात केली.