अनुराधा सबनीस कोण?

"नो ट्रेस."

कोर्टाच्या पत्रात कामाचे शब्द एवढे दोनच. बाकी सगळं रेफरन्स नंबर आणि आभार. मी ते वाचून दाखवलं तेव्हा डॉ. कुसुम पेठे माझ्यासमोर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वेल्समध्ये, कार्डिफच्या हॉस्पिटलात सगळी नोकरी भूल देण्यात गेली, त्यामुळे चेहरा सहसा हलत नाही. त्या दिवशी हलला.

"म्हणजे घटस्फोट झालाच नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटतच होतं."

मी दक्षिण लंडनमध्ये, क्रॉयडनमधल्या एका छोट्या सॉलिसिटर्स फर्ममध्ये पॅरालीगल आहे. म्हणजे वकिलाच्या हाताखाली फॉर्म भरणारी, फोन लावणारी, कागद शोधणारी बाई. मूळची नागपूरची. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची मला लहानपणापासून हौस, आणि इथं त्याचा पगार मिळतो.

कुसुमताई निवृत्त होऊन भाचीजवळ राहायला क्रॉयडनला आल्या. इथं त्यांची गॅरेथशी ओळख झाली. गॅरेथ निवृत्त ट्राम ड्रायव्हर, विधुर, अतिशय मितभाषी. दोघांनी लग्न करायचं ठरवलं. इथं लग्नाआधी रजिस्टर ऑफिसला जाऊन नोटीस द्यावी लागते, आणि आधी घटस्फोट झाला असेल तर त्याचा कोर्टाचा शिक्का असलेला कागद दाखवावा लागतो. नोटिशीची अपॉइंटमेंट पाच आठवड्यांवर होती. कागद कुसुमताईंकडे नव्हता.

असा कागद मिळवणं एरवी अवघड नाही. इथले घटस्फोट पूर्वी काउंटी कोर्टात व्हायचे. म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा कोर्टासारखं, पण लहान. केस नंबर माहीत असेल तर त्या कोर्टाला लिहायचं. नसेल तर सगळ्या कोर्टांची मिळून एक मध्यवर्ती यादी असते, तिच्यात दहा-दहा वर्षं धरून शोध घेतात. नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव, अंदाजे साल. मी तसा अर्ज केला होता. त्याचंच हे उत्तर.

"पहिल्या मिस्टरांना विचारून बघू या का?" मी म्हटलं.

"नाही." पर्सचा चाप उघडून त्यांनी परत बंद केला. "तो कॅनडात आहे, त्याचं लग्न झालंय, मुलं मोठी आहेत. काय विचारू? तुझं दुसरं लग्न खरं आहे का, हे? अगं, त्याच्या बायकोचा काय दोष? अरविंदला विचारायचं नाही, एवढी एकच अट आहे माझी."

मग हळूहळू गाठोडं सुटलं. घटस्फोटाच्या वेळी त्यांना पोस्टानं एकच पाकीट आलं होतं. पुढे कार्डिफमधल्या मैत्रिणींनी सांगितलं की कागद दोन येतात. ते खरंच आहे. तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये घटस्फोट दोन टप्प्यांत व्हायचा. आधी कोर्ट म्हणायचं, घटस्फोटाला आमची हरकत नाही. काही आठवड्यांनी दुसरा कागद यायचा, आणि तेव्हा लग्न खरोखर संपायचं. पहिला कागद मिळाला की मोकळे झालो, असं समजून बसलेले लोक मी पाहिले आहेत. कुसुमताईंचं उलटं होतं. दुसरा आला नाही म्हणून आपण बांधलेल्याच आहोत, या धास्तीत त्यांनी तीस-पस्तीस वर्षं काढली होती. कुणाला विचारलं नाही. मधे एकदा एका चांगल्या माणसाला नाही म्हणाल्या, तेही याच कारणासाठी. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला त्यांचा रागच आला. डॉक्टर बाई, एक फोन करायला काय झालं होतं?

"आणि ते पाकीट?"

"हॉस्पिटलच्या क्वार्टर्स बदलताना कुठंतरी गेलं."

"कुठून आलं होतं?"

"तो तेव्हा एडिनबराच्या हॉस्पिटलमध्ये होता. तिकडूनच असणार."

माझी बॉस जॅनेट दारावरून जात होती. तिला मराठी कळत नाही, पण एडिनबरा कळलं. ती थांबली.

"प्राजक्ता, तू स्कॉटलंडचा घटस्फोट इंग्लंडच्या यादीत शोधलास?"

मध्यवर्ती यादी फक्त इंग्लंड आणि वेल्सची. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, कोर्टं वेगळी, रजिस्टर वेगळं. हे मला पाठ आहे. पण कुसुमताई पहिल्या दिवशी "कार्डिफ" म्हणाल्या आणि मी कार्डिफ लिहून मोकळी झाले. इतकी वर्षं नोकरी करून ही चूक.

एक गोष्ट मात्र चांगली होती. स्कॉटलंडमध्ये दोन टप्पे नसतातच. एकच हुकूम निघतो, एकच कागद येतो. मी हे कुसुमताईंना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "एकच? नक्की एकच?" पण आनंद करायची अजून वेळ नव्हती. आधी नोंद सापडायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी एडिनबरात घटस्फोटांचं रजिस्टर ठेवणाऱ्या कार्यालयाला फोन लावला. पलीकडे एक वयस्कर, निवांत गृहस्थ होते. मी दोघांची नावं सांगितली. अरविंद सबनीस, कुसुम पेठे किंवा कुसुम सबनीस. बराच वेळ कीबोर्ड वाजत राहिला.

"तुमचे डॉक्टर सबनीस आहेत," ते म्हणाले. "घटस्फोट झालेला आहे. पण बाई त्या नाहीत."

"मग कोण आहेत?"

"अनुराधा. अनुराधा सबनीस."

माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू, थोडी मजाही वाटली. मी लग्नाची तारीख विचारली. त्यांनी सांगितलेली तारीख कुसुमताईंच्याच लग्नाची होती, त्यांनी पहिल्या दिवशी मला तोंडी सांगितलेली. ठिकाण सांगली. तेही तेच.

फोन ठेवून मी जॅनेटकडे गेले. "एकाच दिवशी, एकाच गावात, दोन बायका," मी म्हटलं.

"बिझी मॅन," जॅनेट म्हणाली आणि सँडविच खायला लागली.

मराठी वाचकांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. आणि मी स्वतः माहेरची वैशाली. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहिलं आणि प्राजक्ता झाले, ती आजतागायत आहे. पण ऑफिसात बसलं की मी ऑफिसासारखा विचार करते. मी सरळ कुसुमताईंना फोन लावला.

"कुसुमताई, अनुराधा सबनीस कोण?"

"मी," त्या म्हणाल्या.

मी डोक्याला हात लावला. त्या एका संथ लयीत बोलत राहिल्या. "सासूबाईंनी ठेवलेलं नाव. डिग्री कुसुमच्या नावावर, पासपोर्ट कुसुमचा, इथलं रजिस्ट्रेशन कुसुमचं. सबनीसांच्या घरात तेवढी अनुराधा. चार वर्षं. त्या पाकिटावरही तेच नाव होतं. म्हणून तर मी ते धड वाचलं नाही गं. वाटलं, तिचा झाला घटस्फोट. माझा कुठे झालाय?"

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"लपवलं नाही. ते नाव माझं आहे असं मला कधी वाटलंच नाही."

यावर रागवता येईना.

आता नवा पेच पडला. कागद अनुराधाचा, लग्न कुसुमचं. दोघी एकच आहेत हे रजिस्टर ऑफिसला पटवायचं कसं? मी फाइल उघडली. त्यात सांगलीचं विवाह नोंदणीचं सर्टिफिकेट होतं. वधूचं माहेरचं नाव, आणि खाली लग्नानंतरचं नाव. दोन्ही स्वच्छ, ठसठशीत मराठीत. ते पहिल्या दिवसापासून माझ्या टेबलावर होतं. आमच्या फर्मचा नियम असा की परभाषेतला कागद आला की त्याला पिवळी चिठ्ठी लावायची आणि ट्रान्सलेटरच्या ट्रेमध्ये ठेवायचा. मी नियमानं चिठ्ठी लावली होती. मराठी कागद मराठी बाईनं न वाचता भाषांतराला ठेवला होता. हे मी जॅनेटला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की रिसेप्शनवरची मुलगी बघायला आली.

भाषांतर झालं. कुसुमताईंनी एक शपथपत्र केलं, की कुसुम आणि अनुराधा मीच. एडिनबराहून शिक्का मारलेला उतारा आला. एकच पान. त्या माझ्यासमोर बसून ते सगळं वाचत गेल्या, अगदी तळाच्या बारीक अक्षरांपर्यंत. तारीख पाहिल्यावर त्या रडल्या. त्यांनी ज्याला नाही म्हटलं होतं, तो माणूस त्या तारखेनंतर सहा वर्षांनी भेटला होता. मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

नोटिशीच्या दिवशी मी रजा टाकून रजिस्टर ऑफिसला गेले. माझी तिथं काहीही गरज नव्हती. पण इतकं झाल्यावर मला ऑफिसात बसवणार नव्हतं. दोघांना आत वेगवेगळं बोलावलं. कुसुमताई बाहेर आल्या तेव्हा मी विचारलं, "काय झालं? कागद चालला?"

"चालला. मग बाईनं विचारलं, आणखी कुठल्या नावानं ओळखल्या जात होतात का? मी म्हटलं, हो, अनुराधा. तिनं टाइप केलं. मग म्हणाली, लग्नानंतर नाव बदलणार का?"

"मग?"

"मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, ओके. आणि पुढचा प्रश्न विचारला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "प्राजक्ता, एवढंच असतं का गं हे? विचारतात, आपण नाही म्हणायचं, आणि संपलं?"

मला कुणी विचारलंच नव्हतं.

लग्न झालं, छान झालं. गॅरेथनं चार वाक्यांचं भाषण केलं, त्यातलं एक पाठ केलेलं मराठी होतं. तेव्हापासून मराठी क्लायंट आला की मी आधी घटस्फोट कुठल्या देशातला ते विचारते आणि मग लग्नातलं नाव. पुरुषांना हा प्रश्न विचारत नाही, कारण आजवर एकाचंही बदललेलं नाही.