बसमधल्या त्या दोन मुली

मोहनाची मुलाखत कुणीही घेऊ दे, पहिला प्रश्न ठरलेला असायचा. नाटकाकडे कशी वळलीस? उत्तरही ठरलेलं. मोहना खुणांनी सांगायची आणि शेजारी बसलेल्या तिच्या आई, वसुंधराबाई, ते मराठीत नाहीतर गुजरातीत बोलून दाखवायच्या. "मी नऊ वर्षांची होते. बसमध्ये कॉलेजच्या दोन मुली माझ्याकडे बघून हसल्या. त्यांना माझा पिवळा फ्रॉक खूप आवडला होता. अनोळखी माणसं आपल्याकडे बघून इतकी खूश होऊ शकतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं."

मुलाखत घेणारा "वा!" म्हणायचा आणि वसुंधराबाई पाण्याचा पेला तोंडाला लावायच्या. बसमध्ये खरं काय घडलं, ते त्यांना एकट्यांनाच ठाऊक होतं.

मोहना चौदा महिन्यांची असताना बडोद्यात, दांडिया बाजारातल्या घरी फडताळावरून स्टीलचं पातेलं फरशीवर आदळलं. शेजारच्या कौमुदीताईंचा मुलगा दचकून भोकाड पसरून रडायला लागला. मोहना मात्र पातेल्याकडे पाठ करून पेपर फाडत बसली होती. वसुंधराबाईंनी तेच पातेलं उचलून मुद्दाम पुन्हा पाडलं. मग पुन्हा. कौमुदीताईंनी हात धरला तेव्हा त्या थांबल्या. नवरा, लक्ष्मीकांत, बाजव्याला रिफायनरीत पाळीवर होता. तो घरी येईपर्यंत त्या तशाच पातेलं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

पण बाई खचणाऱ्यातल्या नव्हत्या. मूकबधिरांच्या शाळेत मुलीबरोबर त्याही खुणा शिकल्या. शाळेतल्या बेन, म्हणजे बाई, फुगा घेऊन आवाज शिकवायच्या. फुगा हातात धरायचा, समोरच्यानं बोलायचं, तळव्यांना थरथर कळायची. घरी वसुंधराबाई मुलीचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायच्या आणि स्वतःचा तिच्या गळ्यावर. असं करून करून मोहना बोलायला लागली. आवाज जाड होता, शब्द ओबडधोबड यायचे, पण यायचे. आईला एकेक शब्द म्हणजे दिवाळी वाटायची.

अशातच ती बस आली. दोघी तरसालीला मावशीकडे निघाल्या होत्या. स्टॉप ओळखला म्हणून मोहना आनंदानं मोठ्यांदा ओरडली, "आई, आलं!" मागच्या सीटवरच्या दोघी फिदीफिदी हसल्या. एकीनं तर तोंड वाकडं करून तसाच आवाज काढून दाखवला. चांगल्या घरच्या, शिकलेल्या मुली हो! वसुंधराबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्यांनी फक्त मोहनाच्या ओठांवर बोट ठेवलं.

मोहनानं खुणेनं विचारलं, "त्या का हसल्या?"

"तुझा फ्रॉक आवडला त्यांना," आईनं खुणेनं सांगितलं.

पुढं त्या फ्रॉकच्या चिंध्या झाल्या, तरी बसमध्ये चढायचं म्हटलं की मोहना तोच मागायची.

एकदा खोटं पचलं की दुसऱ्याला वेळ लागत नाही. कुणी "बिचारी" म्हटलं की वसुंधराबाईंचे हात "हुशार" म्हणायचे. लग्नात कुणी "हिचं कसं व्हायचं?" असं म्हटलं की हात म्हणायचे, "साडी छान आहे म्हणतायत." आणि घराबाहेर मोहना तोंडानं बोलायला लागली की आईचं बोट तिच्या ओठांशी जायचं. हळूहळू मोहनानं बाहेर बोलणंच सोडलं.

रंगमंचावर मात्र तिनं बडोद्याला तोंडात बोट घालायला लावलं. ती अनवाणी उभी राहायची. सोबतचा नट टाच आपटायचा, ते लाकडी फळ्यांतून तिच्या पायांना कळायचं आणि ती नेमक्या क्षणी वळायची. ऐकू येणारी मंडळी चुकायची, ही नाही. स्पर्धांमध्ये पदकं मिळाली. पण भूमिका कसल्या? पुतळा, भूत, मुकी मोलकरीण. बोलायचं काम तिला कधी कुणी दिलं नाही.

ते दिलं सलीलनं. पुण्याहून आलेला हा तरुण दिग्दर्शक बडोद्यात मराठी चित्रपट करत होता. भाऊ जिला घराबाहेर काढायला निघालेत अशा बहिऱ्या शिवणकाम करणाऱ्या बाईची गोष्ट. सगळी भूमिका खुणांची, आणि शेवटी तोंडानं एकच वाक्य. "मी इथून जाणार नाही." मोहनानं त्या एका वाक्यासाठी तीन महिने फुगा हातात धरला. आई म्हणायची, ती म्हणायची, पुन्हा आई. शूटिंगच्या दिवशी तिनं वाक्य म्हटलं आणि सेटवरची माणसं डोळे पुसत होती. निदान वसुंधराबाईंनी मोहनाला तसं सांगितलं. या वेळी ते खरं होतं.

दोन महिन्यांनी सलीलचा फोन आला. "काकू, निर्मात्यांचं म्हणणं आहे, त्या वाक्याला लोक हसतील. दुसऱ्या मुलीचा आवाज घालू का?" मोहनाला तो मेसेज करू शकला असता. केला नाही. बहिऱ्या माणसाला सोडून त्याच्या आईला विचारायची ही रीत कुणी काढली कोण जाणे!

वसुंधराबाईंना मागच्या सीटवरचं ते फिदीफिदी ऐकू आलं. "घाला," त्या म्हणाल्या. मोहनानं विचारलं, "काय म्हणाला?" हात म्हणाले, "तारीख कळवली."

बडोद्यातल्या मराठी मंडळींसाठी चित्रपटाचा खास खेळ ठेवला होता. मोहना निळी पैठणी नेसून आली आणि खुर्चीत बसल्यावर पर्समधून तिनं लाल फुगा काढून फुगवला. "अगं, वाढदिवस छे के शुं?" कौमुदीताई हसल्या. फुगा वसुंधराबाईंच्या ध्यानीमनीही नव्हता.

शेवटचा प्रसंग आला. थिएटरात एक गोड, नितळ आवाज घुमला, "मी इथून जाणार नाही." पातेलं पडलं त्या दिवसापासून वसुंधराबाई ज्या आवाजाची स्वप्नं बघत आल्या होत्या, अगदी तसाच. क्षणभर त्यांना बरं वाटलं. आपल्याला बरं वाटलं, याचाच त्यांना धक्का बसला.

मोहना आता पडद्याकडे नाही, फुग्याकडे बघत होती. पडद्यावर तिचे ओठ उघडण्याआधीच फुगा थरथरला होता. फळ्यांच्या कंपावर आयुष्यभर वेळ साधलेल्या बाईला तेवढं पुरेसं होतं.

लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. मोहना आईचा दंड धरून तिला बाहेर सलीलपर्यंत घेऊन गेली. सलीलच्या झुपकेदार मिशांमुळे त्याचे ओठ तिला वाचता येत नसत. तिनं आईला खूण केली, "विचार. माझ्या वाक्यावर कुणाचा आवाज आहे? कुणाला विचारून घातला?"

वसुंधराबाईंनी विचारलं. सलील गोंधळला. "काकू, हे काय? तुम्हीच तर फोनवर 'घाला' म्हणालात."

मोहना आईच्या हातांकडे बघत होती. "मशीन बिघडलं होतं" ही खूण बोटांत तयार होती. वीस वर्षांची सवय होती, क्षणाचं काम होतं. पण मोहनाच्या मुठीत तो फुगा होता.

"मला विचारलं. मी हो म्हणाले," हात म्हणाले. "लोक हसतील म्हणून."

मोहना पुतळ्यासारखी उभी राहिली. पुतळे तिनं पुष्कळ केले होते, पण असा चेहरा वसुंधराबाईंनी कधी पाहिला नव्हता. मोहनाला आता एकेक गोष्ट आठवत होती, ते आईला दिसत होतं. लग्नं. साड्या. मुलाखती. आणि मग तिनं खूण केली नाही, तोंड उघडलं. त्या गर्दीत, जाड, ओबडधोबड, स्वतःच्या आवाजात तिनं विचारलं,

"बसमधल्या मुली?"

सगळ्या माना वळल्या. वसुंधराबाईंचा हात आपसूक तिच्या ओठांकडे गेला. मोहनानं तो अर्ध्यावर पकडला, लहानपणीसारखा स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि घट्ट दाबून धरला.

"बसमधल्या मुली, आई? फ्रॉक आवडलेला?"

तळव्याखाली गळा थरथरत होता. वसुंधराबाईंनी नकारार्थी मान हलवली.