उरलेलं ब्रेक ऑइल

दाजींनी त्या दिवशी ब्रेक उशिरा मारला नव्हता. त्यांनी तो वेळेवरच मारला. तो लागला नाही, आणि लागला नाही याला कारण मी होतो.

दाजी, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, अक्काचे यजमान, जाऊन आता महिना उलटला. तेराव्याला लातूरच्या घरी त्यांचे जुने विद्यार्थी आणि क्लासमधले सहकारी जमले होते. रडून झाल्यावर माणसं हळूहळू गमतीच्या आठवणी काढू लागतात, तसं झालं, आणि कुणीतरी ती गोष्ट काढलीच. भौतिकशास्त्र शिकवणारे सर चेन्नईकडच्या ट्रॅकवर गाडी पळवायला गेले, वळण आलं तरी ब्रेक मारायचं भान राहिलं नाही, आणि गाडी वाळूत जाऊन रुतली. सगळे प्रेमानंच हसले. अक्का माजघराच्या दारात उभी होती. ती हसली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. तिला खरं ठाऊक आहे. मी तोंड उघडणार तेवढ्यात पानं वाढायला घेतली, आणि मी पुन्हा गप्प बसलो. म्हणून आज इथं लिहितो आहे.

दाजी मूळचे नांदेडचे. भूकंप झाला तेव्हा ते तिथल्या कॉलेजात नुकतेच शिकवायला लागले होते, आणि अक्काशी त्यांचं लग्न ठरलेलं होतं. किल्लारीकडं मदत न्यायची म्हणून कॉलेजची जुनी जीप निघाली, तेव्हा चालवायला हेच पुढं झाले. धान्याची पोती, पत्रे, घोंगड्या भरून ते कित्येक खेपा करत होते. त्या जीपचा ब्रेक एका दाबात लागत नसे, दोन-तीनदा पंप मारावा लागे. एका खेपेला उतारावर पुढं पत्र्याच्या शेडकडं निघालेली माणसं रस्ताभर होती, आणि पेडल पार फळीला टेकलं. दाजींनी गिअर पाडत पाडत जीप बाजूच्या सोयाबीनमध्ये घातली. तिथं त्यांनी जे पाहिलं, ढिगारे, माणसं, ते त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. विचारलं तर ब्रेकचंच सांगायचे. नांदेडला परत आल्यावर त्यांनी स्वतः चाकं उघडली, आतलं रबर भुसभुशीत झालेलं पाहिलं, आणि ते हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले, असं अक्का सांगते. पुढं आयुष्यभर कुणाचीही गाडी दारात आली की हे आधी आत बसून पाय दाबून बघायचे. पाहुणा चहा पीत असायचा आणि यजमान त्याच्या गाडीत!

पुढं लातूरला क्लासचं पीक आलं. गल्लीगल्लीत होस्टेल, मेसचे डबे, सायकलींच्या रांगा... मुखेड, हिमायतनगर, शिरूर अनंतपाळ, कुठून कुठून पोरं यायची. दाजींनी नांदेडची नोकरी सोडून लातूर गाठलं, आणि दोन वर्षांनी मलाही रसायनशास्त्र शिकवायला बोलावून घेतलं. त्यांचा पास्कलच्या नियमाचा तास बघायला इतर मास्तरही मागच्या बाकावर येऊन बसत. लाकडी फळीवर एक ब्रेक पेडल आणि एक कॅलिपर त्यांनी बसवला होता. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारा भाग. चकतीच्या जागी ते लोखंडी पट्टी अडकवायचे, वर्गातल्या सगळ्यात किरकोळ मुलीला पेडलवर तळहात ठेवायला सांगायचे, आणि सगळ्यात धिप्पाड पोराला ती पट्टी ओढायला लावायचे. पोरगा लालबुंद व्हायचा, पट्टी हलायची नाही. "काय पहिलवान, सकाळी मेसमधी काही मिळालं न्हाई का?" दाजी विचारायचे. सगळा वर्ग खो खो हसायचा, आणि नियम कुणी विसरायचं नाही.

क्लासमध्ये बरकत आली तशी दाजींनी एक पांढरी जुनी छोटी गाडी घेतली, आणि दर हिवाळ्यात एकदा ती चेन्नईकडच्या ट्रॅकवर न्यायला लागले. तिथं हौशी माणसं आपापली गाडी घेऊन येतात, शर्यत नसते, आपली वेळ आपणच कमी करायची. गावच्या रस्त्यावर हा माणूस एसटीच्या मागं शांतपणे जायचा. पण ट्रॅकवर... त्यांचा ब्रेक बघायला मी भिंतीपाशी उभा राहायचो. बाकीच्यांचे मागचे लाल दिवे लागून जायचे, यांची गाडी अजून तशीच वळणाकडं चाललेली, आणि मग एकदाच ठाम दिवे लागायचे, नाक खाली बसायचं, गाडी हाताला धरून नेल्यासारखी वळायची. मला दरवेळी इतकं भरून यायचं की शेजारच्या अनोळखी माणसाला सांगावंसं वाटायचं, ते आमचे दाजी आहेत.

आणि त्याच्यामागं मेहनत होती. ट्रॅकवर कॅलिपर इतके तापतात की आतलं रबर एका हंगामात कडक होतं. म्हणून दरवर्षी जायच्या आधी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चारही कॅलिपर उघडायचे, मी मदतीला. पिस्टन, म्हणजे चिमटा दाबणारा आतला दट्ट्या, बाहेर काढताना समोर लाकडाचा ठोकळा आणि कापड ठेवून हवेचा दाब द्यायचा, नाहीतर तो गोळीसारखा सुटतो. आतलं रबरी सील काढायला पेचकस चालायचा नाही, कारण खाचेत बारीकसा ओरखडा पडला तरी तिथून ऑइल झिरपतं. बांबूची काडी तासून तिनं ते काढायचे. नवं सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बसवायचं आणि पिस्टन फक्त अंगठ्यांनी आत सारायचा. "जोर करून राहिला तू," ते मला म्हणायचे. "वाकडा चाललाय तो. बाहेर घे. त्याला जायचं असलं की जातोय आपसूक." ते सील काय करतं हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी चकित झालो होतो. पिस्टन पुढं जाताना ते रबर जागेवर राहून नुसतं पिळलं जातं, आणि पाय उचलला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागं ओढून घेतं. "स्प्रिंग न्हाई, काही न्हाई," दाजी म्हणायचे, आणि आपल्याच पोराचं कौतुक सांगावं तसा चेहरा करायचे.

त्यांचा एक नियम होता. ब्रेक ऑइलची बाटली एकदा फोडली की उरलेलं दुसऱ्या वेळेला वापरायचं नाही. ते ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. साध्या रस्त्यावर ते कळत नाही, पण ट्रॅकवर कॅलिपर तापला की आतल्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल रिकामं खाली जातं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ओल शोषणारे पदार्थ हा धडा मी दरवर्षी फळ्यावर शिकवत होतो. पण आम्ही लातूरची माणसं. आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात भाजी धुतलेलं पाणीसुद्धा झाडाला घालतात. भांड्यात उरलेलं काहीही ओतून द्यायला माझा हात धजत नाही. दाजींनी टाकून दे म्हटलेली अर्धी बाटली मी झाकण घट्ट लावून फळीवर ठेवली, आणि पुढच्या हिवाळ्यात ट्रॅकला जाताना असू द्यावी म्हणून पेटीत टाकली.

त्या सकाळी ट्रॅकवर ब्रेकची हवा काढून ऑइल बदलायचं काम माझ्याकडं होतं. दाजी चालकांच्या बैठकीला गेले होते. मागची दोन चाकं झाली, आणि माझ्या हातून नवी बाटली लवंडली. पुढच्या चाकांना पुरेल इतकं ऑइल उरलं नाही. जाऊन दाजींना सांगायचं, कुणाकडं तरी मागायचं, एवढंच होतं. पण ते चारचौघांत म्हणाले असते, "आमचे मेहुणे हात धुवायला वापरतेत ब्रेक ऑइल." ते ऐकायला नको वाटलं मला. मी पेटीतली अर्धी बाटली काढली आणि पुढच्या दोन्ही चाकांत ती भरली. सगळ्यात जास्त तापतात ती हीच चाकं. पेडल दाबून पाहिलं, दगडासारखं कडक लागलं. झालं, म्हटलं.

पहिले फेरे छान गेले. मग लांब सरळ पट्ट्यानंतरच्या वळणाला गाडीचे लाल दिवे लागले, पण नाक खाली बसलं नाही. गाडी तशीच सरळ गेली, वाळूत आडवी झाली आणि धुळीत दिसेनाशी झाली. मी धावलो. दाजी स्वतःच बाहेर आले होते, खरचटलंही नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "पेडल खाली गेल्यावानी वाटलं." गाडी ओढून आणेपर्यंत सगळं थंड झालं होतं, वाफेचं पुन्हा पाणी झालं होतं. त्यांनी पेडल दाबलं तर कडक. पुन्हा दाबलं, कडक. "म्हणजे वाटलंच," ते म्हणाले. मी पुढच्या चाकाचं हवा काढायचं निपल सैल केलं तेव्हा गढूळ ऑइल आलं. वाळू गेली असेल म्हणून बदलतो, असं मी त्यांना सांगितलं, आणि पुरावा मातीत ओतला.

लातूरला आल्यावर त्यांनी कॅलिपर पुन्हा उघडले. सील धड, पिस्टन मोकळे, कुठं ओरखडा नाही. त्यांचं काम इतकं चोख होतं की दोष ठेवायला स्वतःच्या पायाशिवाय जागाच उरली नाही. त्यांनी गाडी चालवणं सोडलं. "वय झालं की पाय खोटं बोलतोय, रव्या. आपल्याला वाटतंय दाबला, त्यानं दाबलेला नसतोय." वर्गातही ही गोष्ट ते स्वतःवर हसत सांगायचे, आणि पोरांनी ती गावभर केली. मी दरवेळी ऐकून घ्यायचो. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर फार तर आठवडाभर बोलले नसते. पण वर्ष गेलं, दुसरं गेलं, आणि चुकीपेक्षा गप्प राहणंच मोठं होत गेलं.

गाडी सोडली तरी कॅलिपर त्यांनी सोडले नाहीत. ट्रॅकवरचे हौशी लोक त्यांच्याकडं कॅलिपर पाठवायला लागले. हैदराबाद, पुणे, बेळगाव, पार्सलं यायची. हिवाळ्यात आम्ही दोघं आणि अक्का चेन्नईला जायचो ते दुसऱ्यांच्या गाड्या बघायला. दाजी प्रत्येक गाडीत बसून पाय दाबायचे, मान हलवायचे, मग ती गाडी ट्रॅकवर जायची. हेल्मेट घातलेली मोठमोठी माणसं या आमच्या नांदेडच्या माणसाच्या मानेकडं बघत थांबायची. मला अभिमान वाटायचा, आणि त्याच्या खाली ते दुसरं ठसठसत राहायचं.

शेवटच्या आधीच्या हिवाळ्यात तिथं संदीप होता. मुखेडहून आलेला आमच्या क्लासचा जुना विद्यार्थी, आता हैदराबादला डॉक्टर. त्याच्या गाडीचे कॅलिपर दाजींनीच नवे करून बसवले होते, आणि ऑइल मी सीलबंद बाटलीतून, त्यांच्या डोळ्यांसमोर भरलं होतं. सकाळच्या चहाला सगळे गोलात उभे होते. संदीप दाजींना म्हणाला, "सर, एक चक्कर मारता का? फक्त त्या वळणाला ब्रेक मारायची आठवण मी ओरडून करतो." सगळे हसले. दाजीही हसले, पण त्यांनी नजर खाली घेतली आणि आपल्या उजव्या बुटाकडं पाहिलं. ते पाहिलं आणि मला राहवलं नाही.

मी म्हणालो, "त्यांनी ब्रेक मारला होता." मग लवंडलेली बाटली, अर्धी बाटली, वाफ, मातीत ओतलेलं ऑइल, सगळं सांगितलं. अक्कानं हातातला कप खाली ठेवला.

दाजींनी विचारलं, "कोणत्या चाकात?"

"पुढच्या दोन्ही."

"किती जुनं?"

"आधीच्या वर्षीचं."

त्यांनी मान हलवली. गणिताची चुकलेली पायरी सापडल्यावर हलवायचे तशी. माझ्याकडं पाहिलं नाही. संदीपला म्हणाले, "चावी दे. अन् तुझं हेल्मेट."

मी भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. पहिले दोन फेरे त्यांनी जपून मारले, सगळ्यांच्या आधी दिवे लावून. तिसऱ्यापासून दिवे उशिरा लागायला लागले, आणखी उशिरा, आणि मग अगदी पूर्वीच्या जागी. नाक खाली बसलं. गाडी वळली. माझ्या शेजारी अक्का पदर तोंडाला लावून उभी होती. ती एवढंच म्हणाली, "इतकी वर्षं यांनी गाडी हातात घेतली नाही, रवी."

ते परत आले तेव्हा चाकांतून तापलेल्या लोखंडाचा वास येत होता. हेल्मेट काढलं, घामानं केस चिकटलेले. बाकीचे टाळ्या वाजवत जवळ येत होते, त्यांना हातानं थांबवून ते माझ्यासमोर उभे राहिले. मी हात जोडले. "दाजी, चूक तर माझी होतीच. पण तुम्ही स्वतःला बोल लावत राहिलात आणि मी ऐकत राहिलो. त्याची माफी मागतो."

"हाव, चुकलास तू," दाजी म्हणाले. "लई चुकलास." आणि आपले दोन्ही हात त्यांनी माझ्या जोडलेल्या हातांवर ठेवले.