बैठकीतली बिस्किटं

विद्यापीठाच्या नियामक मंडळावर आम्हा कंत्राटी संशोधकांचा प्रतिनिधी म्हणून आम्ही त्याला निवडून दिलं, कारण कॅन्टीनमध्ये त्याचाच आवाज मोठा होता. बेलपाड्याचा माणूस. बैठकीला इस्त्रीचा शर्ट घालून जायचा आणि येताना तिथली बिस्किटं रुमालात बांधून आणायचा, प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवायचा. काय झालं विचारलं की म्हणायचा, "बोललो मी. पन लिवून घेतला नाय कोनी." पुढे पुढे आम्ही विचारणंच सोडलं. तरी पुढच्या निवडणुकीत पुन्हा त्यालाच मतं दिली. दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं.

काल आमच्या कंत्राटांच्या मुदतवाढीवर ठरायचं होतं, त्या बैठकीहून तो आला. प्रत्येकाच्या टेबलावर त्याने दोन दोन बिस्किटं ठेवली. आमची कंत्राटं आता वाढणार नाहीत, हे त्यावरूनच कळलं.