शिकलगार मॅडमचा वरचा मजला

शिकलगार मॅडम कुठलीही जमीन बघायला गेल्या की आधी बसायच्या. बांध असो, ढेकळं असोत, ऊस तुटल्यावरचं पाचट असो. पदर खोचायचा आणि सरळ मांडी घालायची. बरोबरचे साहेब लोक गॉगल लावून उभे आणि बाई खाली, समोर बघत. कुणी खुर्ची आणायला धावलं तर म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या. उभा राहून बघतंय ते गिऱ्हाईक. गाव बसून बघतंय."

त्यांचं काम चारचौघांना सांगायला जरा अवघड. शेतजमिनीवर नवी वसाहत होणार असली, की ती झाल्यावर आसपासच्या लोकांच्या नजरेसमोरून काय जाईल आणि समोर काय येईल, याचा अहवाल त्या लिहीत. अहवाल शुद्ध पुस्तकी मराठीत. बोलणं मात्र शेवटपर्यंत त्यांच्या आष्टा गावचं राहिलं. सांगलीतल्या त्याच कचेरीत मी संगणकावर इमारतींची चित्रं करायचो. चित्र नेहमी वरून घेतलेलं, त्यात हिरवळ, कारंजं आणि रंगीत छत्र्या. पहिल्याच आठवड्यात मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "ह्ये घारीला दिसतंय रं. घारीला फ्लॅट इकायचाय व्हय?" त्या दिवसापासून कचेरीत माझं नाव घारसाहेब पडलं.

उंब्रजच्या बाजूला एक गाव आहे. वर डोंगरावर भैरोबाचं देऊळ, खाली शिवार, आणि मधल्या माळावर एका बिल्डरला चार मजली इमारती बांधायच्या होत्या. ग्रामसभेनं अट घातली, की शिवारातून देऊळ झाकणार नाही हे आधी दाखवा. ते काम मॅडमकडे आलं. खरं तर त्याच वसाहतीत, वरच्या मजल्यावर, मॅडमनी स्वतःसाठी फ्लॅट धरला होता. खालच्या मजल्यांवरचे फ्लॅट केव्हाच विकून संपले होते. ही गोष्ट त्यांनी ग्रामसभेत पहिल्याच वाक्यात सांगून टाकली.

त्या घराची त्यांना गरज होती. सांगलीतलं त्यांचं घर नदीच्या अंगाला, तळमजल्यावर. महापुरात त्यांच्या आईला, अम्मांना, होडीतून बाहेर काढावं लागलं होतं. तेव्हापासून पाऊस लागला की अम्मा चपला घालूनच पलंगावर बसून राहायच्या. नदीपासून लांब, उंचावरचं आणि आपल्याला पेलेल असं घर मॅडम कित्येक वर्षं शोधत होत्या.

माळावर आम्ही वरच्या मजल्याच्या उंचीचे बांबू उभे केले आणि त्यांना लाल कापड ताणून बांधलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर बांबूच्या बुडाशी गुलाल, खोबरं आणि फोडलेला नारळ! गावातल्या कुणाला तरी ती जोतिबाच्या यात्रेत नाचवतात ती उंच सासनकाठी वाटली होती. मी कपाळाला हात लावला. मॅडम म्हणाल्या, "बरंच झालं. आता कोण हात लावत न्हाई त्याला."

दुपारी बिल्डर आले. शिवारात बांधावर उभे राहून त्यांनी हात उंचावला. "मॅडम, कळस दिसतोय की! कापडाच्या वर हाय."

"बसा," मॅडम म्हणाल्या.

बिल्डरांनी आपल्या पांढऱ्या पँटकडे पाहिलं.

"आवं, बसा की."

शेजारी खुरपणीच्या बायका भाकरीची फडकी सोडून जेवायला बसल्या होत्या. त्या गावात शेतात जेवताना पहिला घास डोंगराकडे दाखवायची रीत आहे. त्यांतल्या तारूबाई तुकडा हातात धरून एकदा डावीकडे झुकल्या, एकदा उजवीकडे झुकल्या आणि म्हणाल्या, "मदी कापड हाय. घास कुणाला दावू?" बिल्डर खाली बसले. कळस कापडामागे गेलेला होता.

पँट झटकत ते उठले. माणूस वाईट नव्हता. हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे वरचा मजला काढायचा. मॅडम, त्यात तुमचंच घर हाय."

"ठावं हाय. मापं मीच घेतल्यात."

"उभ्यानं दिसतंय, येवढंच लिवा. दोघांचंबी भागतंय. आणि त्ये खोटंबी न्हाई."

"खोटं न्हाई," मॅडम म्हणाल्या, "पर उभ्यानं जेवतंय कोण?"

अहवाल बसून दिसलं तसाच गेला आणि इमारती तीनच मजल्यांच्या झाल्या. मला मॅडमचा राग आला होता, आणि तो मी लपवलाही नाही. एक घास दाखवण्यासाठी म्हाताऱ्या आईला पुराच्या पाण्यात ठेवायचं, हे कुठलं शहाणपण? मॅडमनी यावर कधी वाद घातला नाही. त्यांना दुसरं घर मिळालंच नाही. आधी अम्मा गेल्या, मग मॅडम. दोघी त्याच तळमजल्यावरून.

मॅडमच्या शेवटच्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढायला लागलं, तेव्हा त्यांचं सामान वरच्या शेजाऱ्यांकडे न्यायला मी गेलो होतो. कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. दोघंही घामाघूम झालेलो. न राहवून मी विचारलं, "मॅडम, त्या मजल्याचा पस्तावा होतो का?"

"व्हतो की. दर पावसाळ्यात व्हतो. लय व्हतो."

इतकं सरळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं.

"पस्तावा झाला म्हंजे चुकलं, आसं कुणी सांगितलं तुला?" त्या म्हणाल्या. "धर त्ये टोक. उचल."